सतरा नंबरचा ठसा

पाइपचा सांधा वेल्ड करून झाला की वेल्डर त्यावरची स्लॅग, म्हणजे निवलेल्या मळीची खपली, हातोडीने झाडतो, तारेच्या ब्रशने सांधा घासतो आणि त्याच्या शेजारी, दोन बोटांच्या अंतरावर, पोलादी ठशाने आपला नंबर ठोकतो. हा नंबर त्याला परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर कंपनी देते, आणि तो त्या कंपनीत असेपर्यंत बदलत नाही. दहा वर्षांनी सांधा गळला तरी तो कोणाच्या हातचा होता हे नंबरावरून सांगता येते. महादू शिगवण याचा नंबर सतरा. २००९ साली अबू धाबीलगतच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या वस्तीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये तपासनीस म्हणून त्याची परीक्षा मी घेतली आणि नंबरही मीच दिला. त्यानंतरच्या वर्षांत त्याच्या चार हजारांहून अधिक सांध्यांच्या एक्स-रे फिल्म मी दिव्यावर धरून तपासल्या. त्यांपैकी दुरुस्तीला परत पाठवावे लागले ते एकोणीस.

हे आकडे आधी देण्याचे कारण एवढेच, की याच माणसाला वेल्डिंग मुळीच येत नव्हते असे पुढे एका छापील अहवालात सिद्ध झाले, आणि त्या अहवालाचा पाया माझ्या हातून घातला गेला.

मुसफ्फामध्ये अलीमियाँ परकार याचे हत्यारांचे दुकान आहे. दाभोळच्या खाडीकाठचा हा गृहस्थ मला धनंजयभाऊ म्हणतो. त्याच्या दुकानामागच्या गोदामात अकरा वर्षे मी दर सुट्टीच्या सकाळी, पूर्वी शुक्रवारी आणि आता रविवारी, वर्ग घेत असे. खेड, गुहागर, मंडणगड इकडची मुले पाइपच्या कामावर येत. त्यांना ड्रॉइंग वाचता यावे, मापे काढता यावीत, परीक्षेला घाबरू नये, एवढाच हेतू. महादू शिकून केव्हाच बाहेर पडला होता, तरी येत असे. नव्या मुलांच्या हातावर हात ठेवून वेल्डिंगची टॉर्च कशी धरायची ते तोच दाखवी. मी फळ्यावर आकृती काढायची आणि त्याने ती लोखंडात करून दाखवायची, अशी आमची वाटणी होती.

मागच्या डिसेंबरात ड्रेवेट फाउंडेशनची माणसे गोदामात आली. ड्रेवेट हे अमेरिकेतले मोठे धनिक. इमारती आणि कॉम्प्युटरची प्रचंड गोदामे थंड ठेवणारी यंत्रे त्यांची कंपनी बनवते. अबू धाबीत अशाच एका शीतकरण केंद्राचे काम त्यांच्याकडे होते आणि पाइपचा ठेका आमच्या कंपनीकडे. फाउंडेशनच्या गुळगुळीत पुस्तिकेत लिहिले होते की ड्रेवेट यांचे वडील ट्रक चालवीत, त्यांनी स्वतः लहानपणी घरोघर वर्तमानपत्रे टाकली, आणि संधी मिळाली तर कोणताही माणूस शून्यातून उभा राहू शकतो यावर त्यांचा विश्वास आहे. तिकडच्या ग्रंथालयावर, इस्पितळाच्या एका इमारतीवर आणि पोहण्याच्या तलावावर त्यांचे नाव आहे. आता ते मुसफ्फातल्या एका प्रशिक्षण केंद्रावरही येणार होते. सुरुवात आमच्या वर्गातल्या एकतीस जणांपासून करायची, सहा आठवडे, नवी यंत्रे, वातानुकूलित शेड. मी हो म्हणालो. नाही म्हणण्यासारखे त्यात काही दिसले नाही.

फाउंडेशनची इथली समन्वयक एमान नावाची जॉर्डनची तरुणी होती. अदबीने वागणारी, दुबईत राहून हिंदी शिकलेली. पहिल्या रविवारी तिने अर्ज वाटले आणि स्वतः समोर खुर्चीवर बसली. चौथा प्रश्न असा होता: या प्रशिक्षणापूर्वी तुमचे वेल्डिंगमधले कौशल्य किती होते? शून्य ते दहा यांमधला आकडा लिहा.

महादूने पेन वर धरले. "सर, इथं काय लिहायचं?"

"तुला स्वतःला जे वाटतं ते."

"स्वतःचं स्वतः कसं सांगायचं? तेही पाहुणी समोर बसलेली असताना."

मागून रामेश्वर, महादूच्याच हाताखाली शिकलेला, म्हणाला, "दहा लिही. बाई तुला अमेरिकेला घेऊन जाईल."

"नेऊ दे. जाताना माझा ग्राइंडर तेवढा परत कर म्हणावं," आणखी कोणीतरी म्हणाले, आणि सगळे हसले.

उदाहरण द्यावे म्हणून मी फळ्यावर माझा आकडा लिहिला. सहा. तो मी विचार करून लिहिला होता. ॲल्युमिनियमचे काम मला जमत नाही, पाण्याखालचे वेल्डिंग मी केलेले नाही, आणि आता डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. माझ्या हिशेबाने सहा हे बरोबर उत्तर होते. त्याबरोबर मी वर्गाला दोन शब्दही सांगितले: "पाहुण्यांसमोर मोठेपणा नको. खरं लिहा."

महादू फळ्याकडे बघत राहिला. "सरांना सहा," तो शेजाऱ्याला म्हणाला. "मग आपण कुठं बसायचं?"

त्याने शून्य लिहिले. महादूने शून्य लिहिल्यावर रामेश्वरला दोन लिहिण्याची सोय उरली नाही. एकाने एक लिहून खोडला. एकतीस अर्ज गोळा झाले तेव्हा त्यांतले सत्तावीस शून्याचे होते. ते पाहून मला बरे वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. मुलांनी गुरुजनांचा मान राखला असे मला वाटले. मापाच्या पट्टीवर मान राखायचा नसतो, हे आयुष्यभर शिकवणाऱ्या माणसाला त्या सकाळी आठवले नाही.

शिकवायला अमेरिकेहून लायल नावाचे गृहस्थ आले. साठी ओलांडलेले, ओहायोचे, हातांवर जुन्या भाजल्याचे पांढरे डाग. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला पाइपचे दोन तुकडे जोडायला दिले. महादूचा सांधा थंड झाल्यावर त्यांनी पाइपच्या आत बॅटरीचा उजेड टाकून मुळाची, म्हणजे सांध्याच्या आतल्या बाजूची, रेघ पाहिली. पाइप फिरवून पुन्हा पाहिली. मग मला म्हणाले, "याला शिकवण्यासाठी मला विमानात बसवून आणलं?"

"मीही तेच विचारणार होतो," मी म्हणालो.

त्यांनी आपल्या नोंदवहीत तसे लिहिलेही. पण अहवालात आकडे जात होते, नोंदवही जात नव्हती.

त्या दिवसांत लायल एकदा अलीमियाँच्या घरी जेवायला आले. खतीजाभाभींनी सांदणे केली होती. लायल सगळे डाव्या बाजूने चावत होते. उजवीकडची एक दाढ त्यांना महिनाभर छळत होती. मुसफ्फात बरा दंतवैद्य आहे का, असे त्यांनी विचारले.

"आहे की. नऊशे दिरहम घेईल," अलीमियाँ म्हणाला. "आपले वीस-एकवीस हजार झाले, धनंजयभाऊ."

लायलनी मनात डॉलर केले. "घरी याला पाचपट लागतील. दातांचा विमा तिकडे वेगळा घ्यावा लागतो. माझा नाही."

"अमेरिकेचा माणूस आमच्याकडे दात काढायला," खतीजाभाभी आतून म्हणाल्या. "अन् आमच्या बहिणीची पोरं व्हिसासाठी तिकडच्या वकिलातीबाहेर रांगेत."

मी ते इंग्रजीत सांगितले. लायल हसले आणि हसताना गालावर हात ठेवला. मग त्यांनी जे सांगितले ते मी इथे थोडक्यात देतो. त्यांच्या गावात ड्रेवेट यांचा बॉयलरचा कारखाना होता. लायलचे वडील तिथे होते आणि लायल स्वतः सव्वीस वर्षे. एका वर्षी कारखाना उचलून दुसऱ्या देशात नेला. चौदाशे घरे एका उन्हाळ्यात बसली. त्यानंतर दोन वर्षांनी त्याच गावात, त्याच गेटासमोर, ड्रेवेट संधी केंद्र उभे राहिले. काम गेलेल्यांना नवे कौशल्य द्यायचे म्हणून. तिथेही हाच अर्ज होता आणि हाच चौथा प्रश्न.

"तुम्ही किती लिहिलंत?" मी विचारले.

"शून्य. कमी आकड्यावाल्यांना जागा आधी मिळते असं टेबलावरची मुलगी म्हणाली. सव्वीस वर्षं बॉयलर बांधून मी शून्य लिहिलं. कोर्स संपल्यावर आठ लिहिलं. त्यांनी माझा फोटो लावला भिंतीवर."

"आणि काम?"

"सहा महिने गोदामात खोकी उचलली. मग हे शिकवण्याचं कंत्राट मिळालं. एकेका वर्षाचं."

अलीमियाँने सांदणांचे ताट लायलपुढे सरकवले. "म्हणजे कारखाना नेला तोही यानेच, अन् दान केलं तेही यानेच," तो म्हणाला. "वर फोटो मात्र घेणाऱ्यांनी काढून द्यायचा."

लायलना त्याचे भाषांतर लागले नाही. सूर पुरेसा होता.

मला मात्र त्या रात्री घरी पोचल्यावरही आमच्या गोदामातले सत्तावीस अर्ज आठवले नाहीत. ती गोष्ट अमेरिकेची, एवढ्यावर मी ती ठेवून दिली.

मार्चअखेर आमच्या कंपनीत फोरमनच्या दोन जागा भरायच्या होत्या. महादूचे नाव पहिले होते. ते नाव मीच सुचवले होते आणि प्रोजेक्ट मॅनेजरांनी होकार दिला होता. फोरमनचा पगार चार हजार दिरहम. महादू ते नेहमी मोठ्याने रुपयांत मोजून दाखवी, "म्हणजे नव्वद-पंच्याण्णव हजार." पण त्याचा जीव रुपयांत नव्हता. चार हजारांवर, किंवा तीन हजार आणि कंपनीची जागा मिळाली तर, कुटुंबाचा व्हिसा निघतो. त्याची बायको नर्मदा गुहागरकडे होती आणि मुलगी ईश्वरी चौदा वर्षांची झाली होती. जन्मल्यापासून त्याने तिला सगळ्या सुट्ट्या मिळून एकोणीस महिने पाहिले होते. मोहम्मद बिन झायद सिटीत, मी राहतो त्याच रांगेत, एक खोली-स्वयंपाकघर त्याने बघूनही ठेवले होते. खिडकीला जाळी बसवायची की नाही यावर नर्मदेशी फोनवर चर्चा चाले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कंपनीच्या कार्यालयातून महादूला पत्र आले. तो ते घेऊन माझ्या घरी आला आणि चप्पल काढून दारातच उभा राहिला.

"सर, हे जरा वाचून सांगा. मला जे कळलंय ते चुकीचं असणार."

त्याला कळले होते ते बरोबर होते. ड्रेवेट कंपनीने आपल्या सर्व ठेकेदारांना कळवले होते की शीतकरण केंद्रावरच्या कामगारांची प्रतवारी यापुढे फाउंडेशनच्या माहितीवरून करावी. वेगळी परीक्षा नको, खर्च वाचेल. ज्यांनी आधीचे कौशल्य शून्य आणि कोर्स संपताना भरलेल्या अर्जात आठ लिहिले, ते 'नव्याने प्रशिक्षित, स्तर एक'. स्तर एकच्या माणसाने दोन वर्षे दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करावे. फोरमनपदासाठी त्याचा विचार होणार नाही.

"दुसऱ्याच्या म्हणजे कोणाच्या?" महादूने विचारले.

"इथे नाव नाही."

"रामेश्वरही शून्य. हम्मादही शून्य. मी ज्यांना शिकवलं ते सगळे शून्य. मग माझ्यावर देखरेख करणार कोण, सर?"

मी त्याला आत बोलावून बसवले. पाणी दिले. मग त्याला सांगितले की चूक माझी आहे. त्या दिवशी मी फळ्यावर सहा लिहायला नको होते.

"तुम्ही दहा लिहिलं असतंत तरी मी शून्यच लिहिलं असतं," तो म्हणाला. "पाहुणीसमोर कोण लिहितो?" पाण्याचा पेला त्याने खाली ठेवला. "जाळीचं सांगितलं होतं मी तिला. आज माप कळव म्हणाली होती."

दुसऱ्याच दिवशी अलीमियाँच्या गाडीतून मी दुबईला गेलो. फाउंडेशनचे कार्यालय अल बर्शामध्ये होते. एमानने मला खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि पूर्ण ऐकून घेतले. मी सोबत जुन्या कामांच्या नोंदींच्या प्रती नेल्या होत्या. सांध्याचा क्रमांक, तारीख, वेल्डरचा नंबर, एक्स-रेचा निकाल, आणि प्रत्येक पानाखाली तपासनीस म्हणून माझी सही.

"मिस्टर खानविलकर, यावर माझा पूर्ण विश्वास आहे," ती म्हणाली. "पण सुरुवातीचे आकडे कुलूपबंद झाले आहेत. त्यांवरून काढलेला आलेख अमेरिकेत विश्वस्तांसमोर गेला. शून्यापासून आठपर्यंत, सहा आठवड्यांत. इतकी उभी रेघ आमच्या कोणत्याही देशातल्या केंद्राची नाही."

"ती रेघ खोटी आहे."

"माणसांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले आकडे आहेत."

"मग या पानांवरची माझी सही खोटी ठरते. चार हजार सांधे मी उत्तीर्ण केले. ते शून्य कौशल्याच्या माणसाने घातले असतील, तर मला तुरुंगात टाकायला हवं, आणि त्या इमारतींतलं पाणी आजच बंद करायला हवं. दोन्हींपैकी एकच कागद खरा असू शकतो."

ती खाली बघत होती. मग आवाज उतरवून म्हणाली, "तिकडच्या कायद्याने फाउंडेशनला दरवर्षी ठेवीतला ठरावीक भाग दानात खर्चावाच लागतो. तो कुठे सर्वांत जास्त फळला हे दाखवावं लागतं. आधीच सात असलेला माणूस आठ झाला, तर त्यात दाखवण्यासारखं काय राहिलं? माझंही कंत्राट जूनपर्यंतच आहे, सर. बारा तारखेला मिस्टर ड्रेवेट स्वतः उद्घाटनाला येत आहेत. कृपा करून त्या दिवशी हा विषय काढू नका."

परतताना गाडी अलीमियाँच चालवत होता. शेख झायद रस्ता सोडल्यावर म्हणाला, "आमच्यात जकातीचं दान देताना घेणाऱ्याचं नावसुद्धा उच्चारत नाहीत. ह्यांना घेणाऱ्याचा आलेख पाहिजे."

"देऊ देत हवा तेवढा पैसा," मी म्हणालो. "पण माणसाच्या हातात जे होतं ते आधी काढून घेतल्याशिवाय यांना दान देता येत नाही, अलीमियाँ. राग त्याचा आहे."

"मग बारा तारखेला गप्प बसणार?"

"बाईंनी विनंती केली आहे."

"मी तुम्हांला विचारलं, बाईंना नाही."

 घरी गेल्यावर एकतीस दुरुस्तीपत्रे तयार केली. प्रत्येकावर माणसाचे नाव, ठशाचा नंबर, तो मिळाल्याची तारीख, परीक्षेचा निकाल. त्या सत्तावीसांपैकी ज्यांना खरोखरच नुकतेच शिकवले होते अशा चौघांच्या पत्रांवर मी तसे लिहिले. त्यांचा शून्य खरा होता.

बारा तारखेला शेडमध्ये दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या. ड्रेवेट सत्तरीचे, ताठ, बाह्या दुमडलेले गृहस्थ निघाले. भाषणात त्यांनी वर्तमानपत्रांची गोष्ट सांगितली. त्यानंतर प्रात्यक्षिक होते. सहा आठवड्यांपूर्वी ज्याला काही येत नव्हते तो माणूस आता पाइप जोडून दाखवेल, असे निवेदकाने सांगितले, आणि कॅमेरे महादूकडे वळले.

महादूने वेल्डिंगचा मुखवटा लावला, हातमोजे चढवले आणि काम सुरू केले. लोखंडापुढे बसला की त्याला आजूबाजूचे काही उरत नाही. पाऊण तासाचा सांधा होता. पाहुण्यांना कंटाळा येईल म्हणून एमानने दोनदा घड्याळ पाहिले, पण ड्रेवेट मात्र काचेआडून शेवटपर्यंत बघत उभे राहिले, हे मला नमूद केले पाहिजे. सांधा पुरा झाला. महादूने स्लॅग झाडली, ब्रश मारला, आणि मग खिशातून ठसा काढून, नेहमीच्या अंतरावर, दोन ठोके घातले. एक. सात.

यात त्याचा कसलाही बेत नव्हता. नंबर घातल्याशिवाय सांधा पुरा झाला असे त्याच्या हाताला वाटतच नाही.

"हा आकडा कसला?" ड्रेवेट यांनी विचारले.

मी दुभाष्या म्हणून जवळ उभा होतो. महादू मला म्हणाला, "सांगा त्यांना, नंबर नसला तर सांधा कोणाचा ते कळत नाही. उद्या गळला तर विचारणार कोणाला?"

मी सांगितले. ड्रेवेट खूश झाले. "उत्तम. म्हणजे आमचा कोर्स पुरा झाला की प्रत्येकाला नंबर मिळतो?"

एमान माझ्याकडे बघत होती. तिची विनंती मला आठवत होती. पण जे विचारले गेले त्याचे उत्तर दुभाष्याने द्यायचे असते.

"नाही," मी म्हणालो. "हा नंबर त्याला २००९ मध्ये मिळाला. मी दिला. या शेडबाहेरच्या शीतकरण केंद्रात हिरव्या रंगाचा मोठा पाइप आहे. त्याच्या तेवीस सांध्यांवर रंगाखाली हाच नंबर दिसेल."

"पण याने तर शून्य लिहिलं होतं."

मग मी फळ्यावरच्या सहाची हकीकत सांगितली. काही वगळले नाही. ड्रेवेट यांनी ती लक्ष देऊन ऐकली आणि शेवटी ते मान मागे टाकून हसले. महादूच्या खांद्यावर हात ठेवून कॅमेऱ्याकडे वळले. "ऐकलंत? केवढी ही नम्रता. आपल्या देशात हीच हरवली आहे. ही गोष्ट फिल्ममध्ये आलीच पाहिजे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षे या देशात मी अनेक प्रकारचे अपमान पाहिले. उन्हात तासन्‌तास उभे केलेली माणसे पाहिली, नावाऐवजी बोटाने बोलावलेली पाहिली. पण माणसाचे हिरावलेले काम त्याच्याच तोंडावर कौतुक म्हणून परत करण्याचा हा प्रकार मी प्रथमच पाहत होतो, आणि तो करणाऱ्याला आपण काही केले याचा पत्ताही नव्हता.

"सर," मी म्हणालो, "हसण्याने नोंद दुरुस्त होत नाही. या तीस तारखेला त्याचं फोरमनपद या शून्यामुळे जाणार आहे. ही एकतीस दुरुस्तीपत्रं. यांवर तुमची सही हवी."

त्यांनी पत्रे घेतली, वरचे पान पाहिले आणि गठ्ठा एमानच्या हातात दिला. "आमची टीम यात नक्की लक्ष घालील."

तेव्हा मागून लायल बोलले. आवाज मोठा नव्हता. "मीही शून्य लिहिलं होतं, मिस्टर ड्रेवेट. तुमच्याच बॉयलरच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढून."

ड्रेवेट यांनी त्यांच्याकडे वळून पाहिले. ओळख पटली नाही. "आणि आज तुम्ही इथे शिकवता आहात," ते म्हणाले. "अभिनंदन." आणि ते प्रमाणपत्रांच्या टेबलाकडे गेले.

पहिले नाव महादूचे होते. त्याने प्रमाणपत्र दोन्ही हातांनी घेतले, ओळीवर बोट ठेवून हळूहळू वाचले आणि दोन्ही हातांनी परत पुढे केले.

"यावर तारीख चुकली आहे," तो हिंदीत म्हणाला, एमानला कळावे म्हणून. "मी शिकलो ते २००९ ला. इथं यंदाचं साल आहे. चुकीच्या तारखेचा कागद इन्स्पेक्शनला घेत नाहीत, मॅडम. सरांनीच शिकवलंय. दुरुस्त करून द्या, मग घेतो."

एमानने ते ड्रेवेट यांना सांगितले की नाही, मला ऐकू आले नाही. त्यांनी स्मित करून पुढचे नाव पुकारायला सांगितले. एकतीसपैकी नऊ जणांनी प्रमाणपत्र टेबलावर परत ठेवले. बाकीच्यांनी घेतले. त्यांना मी दोष देत नाही. ज्याच्या व्हिसाची मुदत जवळ आली आहे त्याने कागद नाकारावा असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

तीस तारखेला फोरमनची यादी लागली. तीत महादूचे नाव नव्हते. मी कारण विचारायला गेलो तेव्हा कार्यालयातल्या माणसाने पडद्यावर पाहून सांगितले, "प्रशिक्षण अपूर्ण. प्रमाणपत्र स्वीकारलेले नाही." म्हणजे आधीचे कौशल्य शून्य, आणि आता तो कोर्सही पुरा केलेला नाही. दुरुस्तीपत्रांचे काय झाले असे विचारता, तशी काही पत्रे प्रणालीत दिसत नाहीत असे उत्तर मिळाले. मी माझ्या प्रती त्याच्या टेबलावर ठेवल्या. त्याने त्या सौजन्याने मला परत दिल्या. लायल एप्रिलमध्ये घरी गेले. त्यांचे कंत्राट पुढे वाढले नाही. दाढ मात्र त्यांनी जाण्यापूर्वी इथेच करून घेतली.

महादू दोन आठवडे त्याच कामावर जात राहिला. मग अलीमियाँ त्याला आपल्या एका गिऱ्हाइकाकडे घेऊन गेला. यूनुस हा केरळचा माणूस, मुसफ्फाच्याच मागच्या गल्लीत त्याचे लहान वर्कशॉप आहे. मीही सोबत होतो आणि नोंदींची फाइल काखेत होती. यूनुसने ती उघडली नाही. त्याने पाइपचे दोन तुकडे महादूपुढे टाकले आणि चहा प्यायला गेला. परत आला तेव्हा सांधा निवत आला होता. त्याने आत बॅटरी मारली, बोट फिरवले.

"खलास, पक्कं झालं," तो म्हणाला. "सोमवारपासून ये. हाताखाली पाच जण असतील. पगार आत्ता अठ्ठावीसशे. सहा महिने बघू, मग बत्तीसशे आणि राहायला जागा, म्हणजे फॅमिलीचे कागद करता येतील."

"सोळा वर्षं बघून झाली," महादू म्हणाला, "त्यात सहा महिने काय जड."

"नंबर कुठला देऊ? माझ्याकडे सगळे मोकळे आहेत."

"सतरा."

तेव्हापासून वर्ग पुन्हा अलीमियाँच्या गोदामात भरतो. महादू येतो. पहिल्याच रविवारी मी मुलांना एक गोष्ट नव्याने शिकवली: कोणी कौशल्याचा आकडा विचारला तर शेवटच्या दहा एक्स-रेंचा निकाल लिहायचा, आणि समोर कोण बसले आहे ते बघायचे नाही. महादू मान डोलावत होता. त्याला ते पटले आहे असे मला वाटत नाही.

ड्रेवेट केंद्र आता रविवारी लोकांना पाहण्यासाठी खुले असते. दाराशी एका लाकडी स्टँडवर महादूने त्या दिवशी जोडलेला पाइप ठेवला आहे. खाली पितळी पट्टी: 'शून्यापासून, सहा आठवड्यांत.' पाइप असा ठेवला आहे की सांध्याची नीट वळलेली रेघ पुढे दिसते आणि ठसा भिंतीकडे राहतो. हे मुद्दाम केले की सहज झाले, मला माहीत नाही. वर्ग संपला की मी तिकडे जातो, दोन्ही हातांनी पाइप उचलतो आणि नंबर पुढे येईल असा फिरवून ठेवतो. पुढच्या रविवारी तो पुन्हा भिंतीकडे झालेला असतो. पहारेकरी पहिल्यांदा काही म्हणाला होता. आता तो म्हणत नाही. पाइप अकरा किलोचा आहे आणि माझे वय सहासष्ट, पण अजून मला तो उचलता येतो.